दांडीवरची जागा

२ फेब्रुवारी

सूनबाई,

पत्राच्या वर काय लिहावं यातच माझा चहा गार झाला. ‘चि. सौ.’ लिहायला गेले तर ‘सौ.’पाशी पेन अडलं. लिहावं तर तुला राग येणार, गाळावं तर मला रडू येणार. म्हणून नुसतं सूनबाई. तेवढं तरी अजून कुणी माझ्याकडून काढून घेतलेलं नाही.

तू फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, दवाखान्यात गर्दी असेल, डॉक्टर कुणाची तरी दाढ उपटत असतील आणि तू पेशंटचं डोकं धरून उभी असशील. पण दाढा काय दिवसभर उपटतात? मग समजले. फोन कापता येतो, पत्र आलं की निदान पाकीट तरी फोडावं लागतं.

पत्ता दाणेवाल्यानं दिला. त्याच्यावर चिडू नकोस. म्हणाला, “सूनबाईंनी सांगून ठेवलंय, कोंबड्यांचं काही अडलं तरच आईंना पत्ता द्या.” मी म्हटलं, अडलंय. काय अडलंय, विचारलं त्यानं. मी म्हटलं, तू दाणे भर पोत्यात.

तर ऐक. चौघी बऱ्या आहेत. मास्तरीण अजून तशीच. दाणे टाकले की आधी सगळ्यांकडे डोळे वटारून बघते, मगच बाकीच्यांनी चोच लावायची. लंगडी तरी दोन उड्या मारून तिच्या आधी पोचते आणि मार खाते, रोज, न चुकता. मुकी अंडं घातलं तरी हूं की चूं करत नाही, मला सगळे कोपरे धुंडाळावे लागतात. आणि काळी माझ्यासारखी. अंडं देऊन तिला तीन वर्षं झाली, उन्हात बसते, कण्हते, खाते मात्र दोघींचं.

तुझे गमबूट मागच्या दाराशीच होते. दोन जोड मोजे चढवून मीच घालते. बुटांचा आवाज आला की चौघी धावत येतात, त्यांना वाटतं तू आलीस. मग मान वर करून माझं तोंड बघतात. सूनबाई, कोंबडीचा चेहरा पडतो हे मला या वयात कळलं.

त्या दिवशी तू मला खुराड्यापाशी नेऊन सगळं समजावलंस. पाणी दोनदा बदला, लोळायची राख कोरडी ठेवा, शिंपल्यांचा चुरा संपू देऊ नका, संध्याकाळी मोजून आत घ्या, कडी लावून वर खिळा अडकवा. मी मान डोलवत राहिले. मला वाटलं, चार दिवस भावाकडे चाललीस. कोंबड्यांचं एवढं सांगितलंस आणि स्वतःचं अक्षर नाही! शहरात तुझ्या नवऱ्याचं दुसरं बिऱ्हाड आहे हे मला तू गेल्यावर कळलं, त्याच्याच तोंडून, तेही दहादा घसा खाकरून. माझ्या पोटचा गोळा, आणि मला सगळ्यांत शेवटी कळलं. त्याचा मला राग आहेच. पण तुझाही आहे. त्याच्याशी भांडण होतं, मला का सांगितलं नाहीस? मी काय भिंत होते?

घरात आवाज म्हणून कोंबड्यांचाच. रेडिओ लावते, पण रेडिओ आपल्याकडे बघत नाही. उत्तर पाठव. कोंबड्यांसाठी तरी.

तुझी सासू

१७ फेब्रुवारी

सूनबाई,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टमन यायची वेळ झाली की मी उगीच पुढचं अंगण झाडायला घेते. अंगण इतकं लख्ख झालंय की शेजारीण विचारते, पाहुणे येणार आहेत का.

आपल्याकडे एक नवी आली. दाणेवाल्याचं कुणी गिऱ्हाईक गाव सोडून गेलं, त्यांची एकुलती एक कोंबडी हा घेऊन आला. “आई, चार तिथे पाच.” तांबूस आहे, मानेवर पिसं कमी, जरा घाबरट. मी आपली भर सकाळी दिली सोडून चौघींत. अगं, काय झालं म्हणून सांगू! मास्तरणीनं डोक्यावरच झेप घेतली. काळीसुद्धा, जिला उठवत नाही, ती उठून टोचायला गेली. नवीच्या तुऱ्यातून रक्त. मी खराटा घेऊन मध्ये पडले तर मलाच दोन टोचे बसले.

मग आठवलं. तू लंगडीला आणलंस तेव्हा दिवसभर तिला खोक्यात ठेवलं होतंस. अंधार पडायला लागला, बाकीच्या दांडीवर जाऊन बसल्या, पेंगायला लागल्या, तेव्हा तू तिला हळूच उचलून दोघींच्या मध्ये बसवलंस. मी म्हटलं होतं, हे काय गं? तू म्हणालीस, “आई, अंधारात कोंबडी भांडत नाही. शेजारी ऊब लागली की झोपते. सकाळी उठल्या की त्यांना वाटतं, ही आधीपासून इथेच होती.” मी तेव्हा हसले होते. काल तसंच केलं. नवीला मुकीच्या आणि काळीच्या मध्ये सरकवली. मुकीनं नुसती जागा दिली, डोळेही उघडले नाहीत. आज सकाळी पाचही जणी एकत्र खाली उतरल्या. मास्तरणीनं एक टोचा दिला, पण तो आपला सवयीचा.

आणि मग मला तू आठवलीस. तू या घरात आलीस ती भर दुपारी, बॅग घेऊन, उन्हातनं लालबुंद होऊन. तेव्हा थोडी टोचाटोची झालीच की आपली. भांडी घासायची तुझी पद्धत, माझं रेडिओ मोठा लावणं, तुझं कोंबड्यांच्या चोची उघडून “आ करा, आ” म्हणणं, दवाखान्यातले हातमोजे घालून. तरी मला ते आवडायचं. बोलले नाही कधी, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ते रोज बघायची.

दाणेवाल्याचा टेम्पो तुझ्या गावावरून जातो म्हणे, तिथल्या गिरणीतून खाद्य आणायला. मी त्याला विचारलं, कशी दिसते ती? म्हणाला, “बऱ्या आहेत, दोन खोल्या आहेत, मागे मोकळी जागा आहे.” आणि? म्हणाला, “आणि काय, आई, मी खाद्याचा माणूस.” कप्पाळ!

तुझ्या नवऱ्याचा फोन रविवारी येतो. औषध घेतलंस का, हो. जेवलीस का, हो. मग दोघंही फोन ठेवायला निमित्त शोधतो. काल म्हणाला, “आई, घराबद्दल बोलायचंय, आलो की सांगतो.” घराला काय झालंय? गळका नळ सोडला तर घर ठणठणीत आहे.

बरं, महत्त्वाचं राहिलंच. काळीला अंडं अडकलंय. शेपूट पाडून कोपऱ्यात उभी आहे, जोर करते, काही होत नाही. काय करू? लगेच कळव.

तुझी सासू

१ मार्च

सूनबाई!

तुझं कार्ड आलं! पोस्टमनच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. तो बिचारा दचकला. चष्मा आत, मी बाहेर, तरी तिथेच डोळे बारीक करून वाचलं.

“आई, काळीला पसरट टबात कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवा. पाणी गार होऊ देऊ नका. मग टॉवेलनं कोरडी करा, मागच्या बाजूला थोडं तेल लावा, खोक्यात अंधारात एकटी ठेवा. पोट अजिबात दाबू नका, अंडं आत फुटलं तर ती जाईल. नाहीच झालं तर पुन्हा पाण्यात बसवा.”

बस्स. खाली सही नाही, मी कशी आहे त्याची चौकशी नाही. पण वर ‘आई’ लिहिलंयस. ते कार्ड मी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय. केस विंचरताना वाचते, मला आता ते तोंडपाठ आहे.

काळी सुटली. तू सांगितलंस तस्सं केलं, एकदम ठणठणीत झाली.

पण आता मास्तरीण शिंकते. लंगडीच्या चांगल्या पायाला तळव्याखाली फोड आलाय. मुकीची अंडी मऊ येतात, कवच म्हणून नाहीच. आणि नवी अंडी फोडून खायला लागलीय. हे खुराडं आहे की इस्पितळ, मला कळेना. प्रत्येकीचं वेगवेगळं लिही. वेगवेगळ्या कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

तुझी सासू

१२ मार्च

सूनबाई,

पकडलंस.

“आई, काळी तीन वर्षं अंडं देत नाही असं तुम्हीच पहिल्या पत्रात लिहिलंय. खरं काय चाललंय ते लिहा.”

वाचलं आणि मला लाज वाटायला हवी होती. कसली लाज! आनंदानं मी उभ्या जागी हसत सुटले. म्हणजे पहिलं पत्र तू वाचलं होतंस. नुसतं वाचलं नाहीस, मनात ठेवलंस. आणि मी इकडे समजत होते की ते पहिलं पाकीट तू न फोडताच टाकून दिलंस.

तर खरं लिहिते. काळीला काही झालेलं नाही. मास्तरीण शिंकत नाही. लंगडी तिच्या नेहमीच्याच पायानं लंगडते. तू उत्तर देशील तर कोंबड्यांसाठीच देशील, हे दाणेवाल्याच्या बोलण्यावरून मी ओळखलं होतं, म्हणून एकेकीला आजारी पाडलं. तीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या, आजारांची नावं काही कमी ऐकली नाहीत. मला कोंबड्यांचं काही अडलं नव्हतं. मला तुझं अडलंय. घे, लिहिलं.

आता दुसरं खरं. तुझा नवरा आला होता. माझं जेवण होईपर्यंत थांबला आणि मग बोलला. घर विकायचंय. त्याला पैसे हवेत, कशाला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कागदावर घर त्याच्या बापानं त्याच्याच नावावर केलेलं, त्यामुळे माझा होकार तसा शोभेपुरता. मी त्यांच्याकडे राहायचं, शहरात, सहाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, वेगळी खोली आहे, टीव्ही आहे. “आणि कोंबड्या?” मी विचारलं. तो म्हणाला, “आई, सहाव्या मजल्यावर कोंबड्या? खाटकाला सांगू, येऊन घेऊन जाईल.”

तू तिथे असतीस तर त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारलं असतंस. मी फक्त ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

त्यानं मागच्या दारी पाऊल टाकलं नाही. हात धुवायलासुद्धा पुढच्या नळावर गेला. मागच्या दाराशी तुझे गमबूट असतात ना.

घर एप्रिल संपायच्या आत रिकामं करायचंय. तू ‘खरं काय ते लिहा’ म्हणालीस म्हणून लिहिलं. तुझ्यावर काही टाकत नाही मी.

तुझी सासू

२३ मार्च

सूनबाई,

लंगडी गेली.

घर बघायला लोक आले होते, त्या गडबडीत खुराड्याची कडी उघडी राहिली. समोरच्यांचा कुत्रा आत शिरला. बाकीच्या दांडीवर चढल्या. तिला चढता आलं नाही.

मागच्या भिंतीजवळ पुरलं तिला. माती कडक होती. वर दगड ठेवलाय, कुत्र्यानं उकरू नये म्हणून.

उरलेल्या चौघी दोन दिवस बाहेर आल्या नाहीत. दांडीवर एक जागा मोकळी आहे आणि तिथे कुणी सरकत नाही.

तुझी सासू

७ एप्रिल

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. “आई, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. कडी कुणाकडूनही राहते.”

मी उघडी ठेवली नव्हती गं कडी. तू शिकवल्यापासून खिळा अडकवल्याशिवाय मी पाठ फिरवत नाही. घर घेणाऱ्या बाईला मागची जागा बघायची होती, तुझ्या नवऱ्यानं कडी काढून दाखवली, ‘हे सगळं पाडता येईल’ म्हणाला, आणि तसेच दोघं पुढे गेले. आल्यापासून पहिल्यांदा तो मागच्या दारी गेला तो असा. लंगडीला हातात घेऊन मी पुढच्या खोलीत आले तर त्याचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाला, “आई, कोंबडीच होती.” आधी तुला हे लिहिलं नाही, कारण आपल्या लेकाबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही. आता लिहिलं.

आता जे लिहिते ते थाप नाही, शपथेवर. तू विश्वास ठेवणार नाहीस हे मला ठाऊक आहे, माझीच करणी. मंगळवारी सकाळी मुकी खाली उतरली नाही. बघते तर कोपऱ्यात शेपूट पाडून उभी, डोळे अर्धे मिटलेले, पोट खालीवर होतंय. अगदी जसं मी काळीचं लिहिलं होतं तसं. मी हे थापेत लिहिलं म्हणूनच हिला झालं, असंच मला वाटलं. इतरांना निदान ओरडता येतं. ही बिचारी मुकी.

तुला फोन लावला, वाजत राहिला. दवाखान्याच्या वेळेत तू उचलणार नाहीस हे कळत होतं, तरी लावला. मग आरशापाशी गेले आणि ते कार्ड काढलं. पाठ होतं, तरी समोर ठेवलं. कपडे भिजवायच्या टबात कोमट पाणी केलं, कोपर बुडवून बघितलं, जसं बाळाच्या आंघोळीला बघतात. मुकीला त्यात बसवलं. आधी पंख फडफडवून माझं लुगडं भिजवलं तिनं. मग पोटाला ऊब लागली असावी, शांत झाली. मान माझ्या मनगटावर टेकली. माझ्या या हातांनी आयुष्यभर लोकांच्या चादरी पिळल्या, जोर लावायची एवढी सवय, आणि इथे जोरच लावायचा नव्हता. ‘पोट अजिबात दाबू नका.’ मी नुसती धरून बसले. पाणी गार झालं की किटलीतलं ओतत होते. मी तिच्याशी बोलत होते. काय काय बोलले ते नाही लिहीत. बरंचसं तिला उद्देशून नव्हतं.

टॉवेलनं कोरडी केली, तेल लावलं, खोक्यात ठेवून वर चादर टाकली. दाराबाहेर जमिनीवर बसून राहिले. एकदा काढून पुन्हा पाण्यात बसवली. दुपार कलली तेव्हा खोक्यातून आवाज आला. मुकी ओरडत होती, सूनबाई! ती! कॅक कॅक कॅक, सगळं घर डोक्यावर घेतलं. चादर उचलली तर खाली अंडं, मोठं, एका बाजूनं खरबरीत, वर जरासं रक्त. मी तिथेच मट्‌कन बसले आणि रडले. तू गेलीस तेव्हा मी रडले नव्हते. लंगडीला पुरतानाही नाही. सगळं त्या एका अंड्यावर निघालं.

तर थापेला आलेल्या तुझ्या उत्तरानं खरीखुरी कोंबडी वाचली. आता मला रागव, नाहीतर हस.

मधे मी ते सहाव्या मजल्यावरचं घर बघून आले. तिलाही बघितलं. वाईट नाही गं ती. बसायला खुर्ची दिली, पाठीला उशी दिली, चहात साखर किती ते विचारलं. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. माझी खोली छान आहे. खिडकी चार बोटं उघडते, वारा जास्त असतो म्हणून. मी विचारलं, सकाळ झाली ते कसं कळतं? ती म्हणाली, घड्याळ आहे ना, आई. मी खिडकीतून खाली बघितलं. माणसं मुंग्यांएवढी, आणि कुणीही वर बघत नव्हतं.

एक मागणं आहे. पुढच्या फेरीला टेम्पो तुझ्या गावावरून जाईल. चौघींना ठेवून घेशील? मास्तरीण तापट आहे पण अंडी रोज देते. काळी काही देत नाही, पण तिला खाटकाकडे देऊ नकोस. मागे जागा आहे म्हणाला होता दाणेवाला. माझं काय, मी जाईन सहाव्या मजल्यावर. माझी काळजी करू नकोस.

तुझी सासू

१९ एप्रिल
टेम्पोत

सूनबाई,

अक्षर वाकडंतिकडं येतंय, गाडी हलते. मधे मधे दाणेवाला चहाला थांबतो तेव्हा जरा नीट लिहिते.

तुझं कार्ड मिळालं. “आई, मागच्या अंगणात खुराडं बांधतेय. दांडीवर किती जागा करू?”

आता बघ. कोंबड्या चार आहेत हे तुला ठाऊक आहे. नवी आल्याचं मी कळवलं, लंगडी गेल्याचंही मीच कळवलं. माझ्या पहिल्या पत्रातली काळीची तीन वर्षं लक्षात ठेवणारी बाई, तिला चार की पाच हे विचारायची गरज पडते? दोन दिवस ते कार्ड मी उलटंसुलटं करून वाचलं. तू सरळच विचारलं असशील. सुताराला सांगायला आकडा हवा असेल. माझं मन म्हणजे, एकटं राहून राहून कशातही काहीतरी ऐकायला लागलंय. दाणेवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, “आई, मी खाद्याचा माणूस.” मग जरा थांबून म्हणाला, “पण पुढची सीट रिकामीच असते.”

म्हणून उत्तर पोस्टानं पाठवलं नाही, स्वतःच घेऊन निघाले. मागचं पत्र संपवताना काळजी करू नकोस लिहिलं, तीही थापच होती. मला त्या सहाव्या मजल्यावर नाही जायचं. मला तुझ्याकडे यायचंय. सासू म्हणून नाही ठेवलंस तरी चालेल, ते नातं माझ्या लेकानं कुठे ठेवलंय ते त्यालाच माहीत. कोंबड्या बघायला म्हणून ठेव. तू दवाखान्यात गेलीस की मागे कुणीतरी पाणी बदलायला हवंच ना. माझी पेन्शन येते, मी खाण्यापिण्याला भारी पडणार नाही. भांडी तू घासतेस तशी घासेन. रेडिओ बारीक लावेन. प्रयत्न करेन.

लेकाला सांगितलं. त्यानं आधी घसा खाकरला. मग म्हणाला, “ती ठेवून घेईल तुला?” मी म्हटलं, माहीत नाही. सकाळी टेम्पो आला तेव्हा तो आला होता, न सांगता. खोकी त्यानंच उचलून ठेवली. काळी आत जाईना तर तिला दोन्ही हातांत धरली, जन्मात पहिल्यांदा, आणि घाबरून इतकी अलगद धरली की ती त्याच्या हातातच डोळे मिटायला लागली. शेवटी खिडकीशी येऊन म्हणाला, “आई, तिला सांग...” निरोप तेवढाच आहे. जसा मिळाला तसा पोचवला.

घराला कुलूप लावताना मागच्या दाराशी जरा थांबले. गमबूट घेतलेत. ते तुझे आहेत, परत करायचेत.

आता तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभे आहोत. निळं फाटक, त्याच्या आत दिवा लागलाय. दाणेवाला हे पत्र तुझ्या हातात देईल. मी मुद्दाम त्याला सावकाश चालवायला लावलं, दुपारी पोचू नये म्हणून. तू शिकवलेलं मी विसरलेले नाही.

नाही म्हणायचं असेल तर नुसतं फाटक लाव. मी समजेन, राग मानणार नाही. चौघींना उतरवून घे. तो मला परत घेऊन जाईल, त्याच्याशी तसं ठरलंय.

आणि हो म्हणायचं असेल तर आज काही बोलू नकोस. मला रडू येईल, तुलाही येईल, आणि कोंबड्या बिथरतील. आधी त्यांना दांडीवर बसवू. मग मला कुठेतरी एक चादर टाकून दे, तुझ्या खोलीतच, भिंतीकडे. मी गुपचूप झोपेन. सकाळी उठल्यावर कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मी चहा ठेवेन.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पाच जागा कर.

मुकी माझ्या मांडीवर आहे. लवकर सांग, अंधार पडायला आलाय.

तुझी आई